रॉबर्ट वॉटसन-वॉट: ज्यांच्या रडारला आधी पाऊस दिसतच नव्हता

मोबाईलवर रडारचं चित्र बघणं आता काही नवीन राहिलेलं नाही. जूनमध्ये ढग दाटले की नाशिककर मुंबईच्या रडारचं चित्र उघडतात. निफाड, दिंडोरीकडं द्राक्षं काढणीला आलेली असताना गारपिटीचा इशारा आला, तर हेच चित्र दर दहा मिनिटांनी बघितलं जातं. कारण तासाभराचा प्रश्न असतो आणि वर्षाचं पीक बागेत उभं असतं.

पण कधी कधी भलतंच होतं. चित्रात नाशिकवर रंगाचा एक ठिपका नसतो आणि बाहेर रस्ते भिजलेले असतात. मग आपण म्हणतो, रडार फालतू आहे. खरं तर रडार बिघडलेलं नसतं. त्याला तेवढा पाऊस तेवढ्या लांबून दिसत नसतो. किती कमजोर प्रतिध्वनी रडारला ओळखता येतो, याला म्हणायचं रडारची संवेदनशीलता. ती बऱ्याच गोष्टींवर ठरते: लहरीची लांबी, ताकद, अँटेनाचा आकार, अंतर, किरणाची उंची आणि आजूबाजूचा गोंगाट.

हे सगळं समजून घ्यायचा एक सोपा रस्ता आहे, तो म्हणजे एका माणसाचं आयुष्य. रॉबर्ट वॉटसन-वॉट. रडार म्हटलं की यांचं नाव येतं. गंमत अशी की हा माणूस मुळात हवामान खात्यातला होता आणि वादळं शोधायला निघाला होता. त्यांनी उभं केलेलं पहिलं रडार मात्र विमानं दाखवायचं. पाऊस त्याला दिसायचाच नाही.

सुताराचा मुलगा, वादळाच्या मागावर

वॉटसन-वॉट यांचा जन्म १३ एप्रिल १८९२ चा, स्कॉटलंडमधल्या ब्रेचिन या छोट्या गावातला. वडील सुतारकाम करायचे. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटशी आपलं नातं आहे असं ते सांगायचे. मुलगा अभ्यासात हुशार निघाला, डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला आणि १९१२ मध्ये इंजिनीअर झाला. तिथल्या प्राध्यापकांमुळे त्यांना रेडिओ लहरींचा नाद लागला. तेव्हा रेडिओ म्हणजे आजच्या एआयसारखी एकदम ताजी गोष्ट होती.

१९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू असताना, ते ब्रिटनच्या हवामान खात्यात लागले. काम काय, तर वैमानिकांना गडगडाटी वादळाची आधीच सूचना द्यायची. त्या काळातली विमानं लाकूड आणि कापडाची. वादळात सापडलं की संपलं.

वीज कडाडते तेव्हा प्रकाश आणि आवाजाबरोबर रेडिओ लहरीसुद्धा निघतात. जुन्या रेडिओवर पावसाळ्यात खरखर यायची, ती हीच. वॉटसन-वॉट यांनी ठरवलं की या खरखरीची दिशा शोधायची. दोन-तीन ठिकाणांहून दिशा मिळाली की रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे वादळ. अडचण एवढीच होती की विजेचा सिग्नल डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. तोपर्यंत हातानं अँटेना फिरवून दिशा कशी बघणार? १९२० च्या दशकात त्यांनी यासाठी कॅथोड किरण नळी वापरली, म्हणजे जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीची थोरली बहीण. सिग्नल आला की पडद्यावर तिरपी रेघ उमटायची आणि दिशा लगेच कळायची.

इथे एक फरक लक्षात ठेवा. ही पद्धत फक्त ऐकणारी होती. वीज स्वतः ओरडायची आणि यंत्र ऐकायचं. जो ढग गप्प आहे, नुसता पाऊस पाडतोय, तो या यंत्राला कळायचा नाही. रडार वेगळं असतं. ते स्वतः हाक मारतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं.

मृत्युकिरणांचा हिशोब

१९३० च्या दशकात जर्मनीची विमानं ही ब्रिटनची सगळ्यात मोठी काळजी होती. शत्रूकडे माणसं मारणारे रेडिओ किरण आहेत अशा अफवा होत्या. हवाई मंत्रालयानं वॉटसन-वॉट यांना विचारलं, असं काही शक्य आहे का? त्यांनी हिशोब करायला सांगितला आपले सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांना. विल्किन्स यांनी आकडेमोड केली आणि उत्तर आलं, नाही. एवढी ताकद कुठून आणणार?

पण विल्किन्स यांना एक गोष्ट आठवली. पोस्ट खात्याच्या इंजिनीअरांच्या लक्षात आलं होतं की जवळून विमान गेलं की रेडिओ सिग्नल डळमळतो. म्हणजे विमानावर आदळून लहरी परत येतात. मारता येत नसेल, पण शोधता तर येईल! विल्किन्स यांनी तोही हिशोब केला आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये वॉटसन-वॉट यांनी तो मंत्रालयाला कळवला.

अधिकाऱ्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री गावाजवळच्या शेतात एका गाडीत रिसीव्हर बसवला. लहरी सोडायला वेगळं यंत्र बनवलंच नाही. जवळच बीबीसीचं शॉर्टवेव्ह केंद्र होतं, त्याचंच प्रक्षेपण वापरलं. वरून हेफर्ड नावाचं बॉम्बफेकी विमान गेलं आणि पडद्यावरचा ठिपका हलला. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमान ओळखता आलं.

रडारचा शोध एकट्या वॉटसन-वॉट यांनी लावला असं मात्र नाही. जर्मन इंजिनीअर हुल्समायर यांनी १९०४ मध्येच रेडिओ लहरींनी जहाज ओळखून दाखवलं होतं आणि १९३० च्या दशकात जर्मनी, अमेरिका या देशांतही काम चालू होतं. वॉटसन-वॉट यांचं मोठेपण हे की त्यांनी चालणारी अख्खी यंत्रणा वेळेत उभी केली. सर्वोत्तम यंत्राची वाट बघत बसू नका, वेळेवर मिळणारं कामचलाऊ यंत्र आधी लावा, हे त्यांचं धोरण होतं.

५० मीटरची लहर, २ मिलिमीटरचा थेंब

डॅव्हेंट्रीची लहर सुमारे ५० मीटर लांबीची होती. ती सोयीची होती, कारण बॉम्बफेकी विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत २३-२५ मीटर, म्हणजे लहरीच्या साधारण निम्मे. अशा मापाची धातूची वस्तू अँटेनासारखी वागते आणि जोरदार प्रतिध्वनी देते.

आता पावसाचा थेंब घ्या. मोठा म्हटला तरी २-३ मिलिमीटर. ५० मीटरच्या लहरीला तो जाणवतच नाही. समुद्राची मोठी लाट वाळूच्या कणावरून जाते तशी ती जाते.

वस्तू लहरीपेक्षा खूप लहान असेल तर प्रतिध्वनी दोन गोष्टींवर ठरतो. पहिली म्हणजे थेंबाचा व्यास, तोही सहाव्या घातानं. थेंब दुप्पट जाड झाला की प्रतिध्वनी ६४ पट. दुसरी म्हणजे लहरीची लांबी, उलट चौथ्या घातानं. लहर निम्मी केली की प्रतिध्वनी १६ पट. ५० मीटरऐवजी १० सेंटिमीटर, म्हणजे ५०० पट लहान लहर वापरली, तर त्याच थेंबाचा प्रतिध्वनी सुमारे ६,२५० कोटी पट वाढतो. विमानासाठी उत्तम असलेलं यंत्र पावसाला आंधळं का होतं, ते या आकड्यात आहे.

आजची हवामान रडारं म्हणूनच सेंटिमीटरमध्ये चालतात. १० सेंटिमीटरच्या आसपास एस बँड, ५ च्या आसपास सी बँड आणि ३ च्या आसपास एक्स बँड. मग सगळीकडे सगळ्यात छोटी लहर का वापरत नाहीत? कारण छोटी लहर पावसात लवकर दमते. वाटेत मुसळधार सर असेल तर एक्स बँडची बरीच ताकद तिथेच शोषली जाते आणि सरीच्या पलीकडचा पाऊस फिका दिसतो, कधी गायबच होतो. एस बँड मात्र सरीतून आरपार जातो. म्हणून लांबच्या पल्ल्याला एस बँड आणि जवळच्या बारीक नजरेला एक्स बँड.

खालून येणाऱ्या विमानांचा धडा

डॅव्हेंट्रीनंतर काम झपाट्यानं झालं. आता सतत लहर सोडण्याऐवजी छोटे छोटे ठोके सोडायचे आणि प्रतिध्वनी यायला लागणारा वेळ मोजायचा, म्हणजे अंतर कळतं. वॉटसन-वॉट बॉडसी मॅनर इथल्या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले आणि किनाऱ्यावर चेन होम नावाची रडारांची साखळी उभी राहिली. १०० मीटरहून उंच पोलादी मनोरे, १०-१३ मीटरच्या लहरी. १९४० मध्ये जर्मन विमानं आली तेव्हा ती खाडीपलीकडे असतानाच पडद्यावर दिसत होती. पडद्यासमोर बसणाऱ्यांत हवाई दलाच्या महिला शाखेतल्या मुली मोठ्या संख्येनं होत्या.

पण या साखळीत एक भोक होतं. खूप खालून उडणारं विमान तिला नीट दिसत नव्हतं, कारण तिच्या लहरी समुद्रापासून वर उचललेल्या असायच्या. ते भोक बुजवायला दीड मीटर लहरीची वेगळी रडारं बसवावी लागली. त्यांना चेन होम लो म्हणत.

हाच धडा घेऊन आता नाशिकला या. कुलाब्याच्या रडारपासून नाशिक सरळ रेषेत साधारण १६० किलोमीटर आहे. रडारचा किरण जमिनीला समांतर जात नाही. तो थोडा वर रोखलेला असतो आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन खाली खाली वळत जाते. किरण अर्ध्या अंशानं वर रोखलेला असेल, तर नाशिकपर्यंत पोचताना त्याचा मध्य समुद्रसपाटीपासून जवळपास ३ किलोमीटर उंचीवर असतो. नाशिक स्वतः सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे शहराच्या डोक्यावर २.४ किलोमीटर. त्याच्या खाली जे चाललंय ते किरणाला पूर्ण दिसत नाही.

किरण रुंदही होत जातो. एक अंश रुंदीचा किरण १६० किलोमीटरवर सुमारे २.८ किलोमीटर जाड होतो. ढग ठेंगणा असेल तर तो या जाड किरणाचा खालचा कोपराच भरतो आणि प्रतिध्वनी सगळ्या किरणात वाटला जाऊन कमजोर वाटतो. मधे सह्याद्री उभा आहे, तो वेगळाच. इगतपुरी, त्र्यंबककडचे डोंगर किरणाचा खालचा भाग कापू शकतात.

आता बघा, कुठला पाऊस दिसतो आणि कुठला चुकतो. मार्च-एप्रिलमधला गारांचा ढग १० किलोमीटरहूनही उंच वाढतो. तो लांबूनही दिसतो. पण घाटमाथ्यावरचा जुलैचा पाऊस बऱ्याचदा ठेंगण्या ढगांतून पडतो, थेंबही बारीक. तो तासन् तास पडतो, गंगापूर धरण भरतं, गोदावरीला पाणी सोडलं जातं, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला याच्या गप्पा सुरू होतात आणि लांबच्या रडारवर मात्र फिकट निळा रंग, नाहीतर काहीच नाही.

पाऊस आला, तो कटकट म्हणून

फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. हाताच्या पंजात मावेल एवढ्या तांब्याच्या ठोकळ्यातून १० सेंटिमीटरच्या जोरदार लहरी! आज घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये याच जातीचा मॅग्नेट्रॉन असतो.

मग नव्या रडारच्या पडद्यावर विमानांबरोबर धुरकट डाग दिसायला लागले. ते डाग म्हणजे पाऊस. लष्कराला ती कटकट वाटली, कारण डागाआड विमान लपायचं. हवामानवाल्यांना मात्र खजिना सापडला. वॉटसन-वॉट पंचवीस वर्षांपूर्वी ज्या वादळांच्या मागे लागले होते, ती लहर छोटी केल्यावर आपोआप पडद्यावर आली. युद्ध संपल्यावर जुनी लष्करी रडारं हवामानाच्या कामाला लागली. भारतात हवामान खात्यानं पहिलं रडार १९५४ मध्ये कोलकात्याजवळ डमडमला बसवलं. थेंबांचा वेगही सांगणारं पहिलं डॉप्लर रडार २००२ मध्ये चेन्नईला आलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. ते कुलाब्याला आलं त्यानंतर काही वर्षांनी.

ताकद वाढवली की झालं? नाही

साधा विचार असा येतो की मोठा ट्रान्समीटर लावा, सगळं दिसेल. थोडं गणित करू. विमानासारख्या एकट्या वस्तूचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घातानं कमी होतो. पाऊस सगळा किरण भरून टाकतो, म्हणून त्याचा प्रतिध्वनी अंतराच्या वर्गानं कमी होतो. तरी ४० किलोमीटरवरच्या सरीपेक्षा १६० किलोमीटरवरच्या तशाच सरीचा प्रतिध्वनी १६ पट कमजोर येतो. ताकद दुप्पट केली तर पल्ला दुप्पट होत नाही, फक्त १.४ पट वाढतो. आणि वीजबिल पूर्ण दुप्पट.

अँटेनाची ताटली मोठी केली तर जास्त फायदा, कारण ती लहरी एका बारीक किरणात गोळा करते आणि परत आलेल्या लहरीही जास्त झेलते. पण एस बँडला एक अंशाचा किरण हवा असेल तर ताटली साडेआठ मीटरच्या आसपास लागते. एक्स बँडला अडीच मीटरच्या आत भागतं. म्हणून एक्स बँडचं रडार डोंगरावर नेणं सोपं.

ठोका लांब केला तरी संवेदनशीलता वाढते, कारण ऊर्जा जास्त जाते. पण मग बारकावे पुसट होतात. एक मायक्रोसेकंदाच्या ठोक्यात १५० मीटर अंतरातल्या दोन सरी वेगळ्या करता येतात, लांब ठोक्यात त्या एकच दिसतात. रडारच्या गोल आवरणावर पाण्याचा थर बसला तरी सिग्नल घटतो, म्हणजे रडारच्या डोक्यावरच पाऊस पडत असेल तर त्याची लांबची नजर कमी होते.

गोंगाट आणि तुमचं वायफाय

परत येणारा सिग्नल किती बारीक असतो? सोडताना शेकडो किलोवॅट, आणि ओळखता येईल असा परतीचा सिग्नल एका वॅटच्या शंभर लाख कोटी भागांतला एखादा भाग. नाशिकहून तो साधारण एक मिलिसेकंदात परत येतो. एवढा बारीक आवाज ऐकायचा तर कान शांत हवेत. रिसीव्हरमधल्या उष्णतेचाही गोंगाट असतो. सिग्नल त्यात बुडाला की संपला, मग पुढे कितीही मोठं करा, गोंगाटही तेवढाच मोठा होतो.

आणि इथे आपण सगळे येतो. ५ गिगाहर्ट्झ वायफायचे काही चॅनल सी बँडच्या हवामान रडारला खेटून किंवा त्याच पट्ट्यात आहेत. म्हणून राउटरमध्ये डीएफएस नावाची सोय असते. रडारचा ठोका ऐकू आला की राउटरनं तो चॅनल सोडायचा. ही सोय बंद केलेले राउटर रडारच्या चित्रात केंद्रापासून निघालेल्या सरळ पट्ट्या काढू शकतात. त्या पट्ट्यांआडचा हलका पाऊस मग दिसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये उगाच देश बदलू नका, यामागचं एक कारण हे.

शेवटची वर्षं

१९४२ मध्ये वॉटसन-वॉट यांना सर ही पदवी मिळाली. युद्धानंतर सरकारनं रडारच्या कामासाठी त्यांना सुमारे ५०,००० पौंड दिले. अर्नोल्ड विल्किन्स यांचं नाव मात्र लोकांना फारसं कळलं नाही, हेही सांगायला हवं. पुढे वॉटसन-वॉट काही वर्षं कॅनडात राहिले. तिथे पन्नाशीच्या दशकात गाडी जोरात चालवताना पोलिसांच्या रडारनं त्यांना पकडलं आणि दंड झाला. त्यांनी त्यावर स्वतःचीच चेष्टा करणारी कविता लिहिली. १९६६ मध्ये त्यांनी कॅथरिन ट्रेफ्युसिस-फोर्ब्स यांच्याशी लग्न केलं. हवाई दलाची जी महिला शाखा रडारच्या पडद्यांसमोर बसली होती, तिच्या पहिल्या प्रमुख याच. ५ डिसेंबर १९७३ रोजी इन्व्हरनेस इथे वॉटसन-वॉट यांचं निधन झालं. ब्रेचिनमध्ये २०१४ साली त्यांचा पुतळा उभा राहिला.

चित्र बघताना एवढं करा

रडारचं चित्र उघडलं की आधी बघा ते कुठल्या ठिकाणचं आहे आणि तुमचं गाव केंद्रापासून किती लांब आहे. १०० किलोमीटरच्या पुढे असाल तर रिकामं चित्र म्हणजे कोरडं आकाश असं धरू नका. बारीक आणि ठेंगणा पाऊस तिथे सहज निसटतो. लाल रंग दिसला तर तो गांभीर्यानं घ्या, कारण एवढ्या लांबून दिसतोय म्हणजे ढग उंच आणि थेंब मोठे, कदाचित गाराही. चित्राची वेळ तपासा, अर्ध्या तासाचं जुनं चित्र गारपिटीला उपयोगाचं नाही. सोबत उपग्रहाचं चित्र आणि हवामान खात्याचा तातडीचा इशारा बघा.

आणि बागेवर जाळी ओढायची की नाही, नदीकाठची गाडी हलवायची की नाही, हे ठरवताना फक्त रंग नाही म्हणून थांबू नका. चेन होम बांधणाऱ्यांनाही आपल्या पडद्यावर काय दिसत नाही ते माहीत होतं, म्हणून त्यांनी खाली बघणारं दुसरं रडार लावलं. आपल्याकडे दुसरं रडार जवळ येईपर्यंत ते काम खिडकीबाहेरच्या आभाळाकडे बघून करावं लागतं.